हैदराबादेत तलावाकाठचा प्लॉट: कागद खरे, तरी फसवणूक

नांदेड-लातूरकडची अनेक कुटुंबं नोकरीमुळे हैदराबादला स्थायिक होतात आणि स्वस्त प्लॉटच्या शोधात चेरुवुत, म्हणजे तलावातच पैसे ओततात. संताप येतो तो याचा, की दाखवलेले कागद बहुतेक वेळा खरे असतात. तलावाच्या पोटातल्या काही जमिनी खासगी आहेत. त्यांना 'शिकम पट्टा' म्हणतात. पाणी ओसरलं की मालकाने तिथे पीक घ्यावं, एवढाच हक्क. बांधकाम करता येत नाही. पण दलाल पट्टा, म्हणजे मालकीचा कागद दाखवतो, रजिस्ट्रीही होते, आणि घेणारा निर्धास्त होतो. रजिस्ट्री म्हणजे बांधकाम परवाना नव्हे.

जागा दाखवतात एप्रिल-मेमध्ये, तळ कोरडा असताना. टेप लावतात पाण्याच्या काठापासून आणि सांगतात, "तीस मीटर सोडलेत." खरी मोजणी 'फुल टँक लेव्हल'च्या, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचतं त्या हद्दीपासून होते. तिथून पुढे बांधकामाविना सोडायची जागा म्हणजे बफर: १० हेक्टर व त्याहून मोठ्या तलावाला ३० मीटर, लहान तलावाला ९ मीटर. ही पातळी ठरते अलुगूच्या, म्हणजे सांडव्याच्या माथ्यावरून. म्हणून काही ठिकाणी अलुगूच फोडतात. पाणी पूर्वीइतकं चढत नाही, उघड्या पडलेल्या जमिनीवर राडारोडा टाकून रोलर फिरवतात आणि चुन्याने प्लॉट आखतात. कडेला पाणकणीस उगवलेलं दिसलं किंवा भरावात विटा-टाइल्सचे तुकडे सापडले, तर तिथेच थांबा.

इसार (आगाऊ रक्कम) देण्याआधी पोटहिश्श्यासकट सर्व्हे नंबर मागा. एचएमडीएच्या, म्हणजे हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या तलावांच्या संकेतस्थळावर गावनिहाय नकाशे आहेत, त्यात तो नंबर हद्दीच्या आत पडतो का ते बघा. नकाशा 'प्राथमिक' असेल तर हद्द अजून बदलू शकते. पाटबंधारे आणि महसूल, दोन्ही खात्यांची ना-हरकत हवीच. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची ऑक्टोबरमधली चित्रं काढा. पावसाळ्यानंतरचं पाणी तिथे लपत नाही.

जुलै २०२४ मध्ये तलावांवरची अतिक्रमणं हटवणारी 'हायड्रा' ही सरकारी यंत्रणा स्थापन झाली आणि सप्टेंबरात माधापूरजवळच्या सुन्नम चेरुवुतली बांधकामं पाडली गेली. अशा वेळी घर जातं, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

करारात एक अट घालूनच घ्या: जमीन तलावाच्या किंवा बफरच्या हद्दीत निघाली, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. विकणारा ही ओळ लिहायला नकार देत असेल, तर इसार देऊ नका. पैसे आधीच गेले असतील, तर करार, पावत्या आणि नकाशाची प्रत घेऊन पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या. लेआउट रेरात, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात नोंदवलेला असेल, तर तिथेही द्या.