जुना फ्यूज बोर्ड: जागच्या जागी बदलायचा की हलवायचा?

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये दाराच्या वर लाकडी फळीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि लोखंडी मेन स्विच अजूनही सापडतात. त्या जागी एमसीबीची (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचची) डीबी, म्हणजे वितरण पेटी, लावायची, यात दुमत नाही. प्रश्न असतो तो ती तिथेच लावायची की पॅसेजमध्ये न्यायची. शिवाय कुणीतरी सुचवतंच, ‘आता थ्री फेजच घेऊन टाका,’ म्हणजे एका फेजऐवजी तीन फेजचं कनेक्शन.

जागच्या जागी बदलणं स्वस्त. भिंत फोडावी लागत नाही, काम बहुधा एका दिवसात उरकतं, कारण घरभरच्या वायरी तिथेच येऊन पोचलेल्या असतात. शिवाय 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (एवढीशी वीज जमिनीकडे गळाली तरी लाइन तोडणारा स्विच) बसते, आणि माणसाचा जीव वाचवण्याच्या दृष्टीने खरा फरक तिनेच पडतो. ओव्हरलोड मात्र तिला कळत नाही. ते काम एमसीबीचं. अर्थिंगलाही ती पर्याय नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आरसीसीबी वारंवार पडते, म्हणजे आपोआप बंद होते, आणि कंटाळून लोक ती काढायला लावतात. पडते म्हणजे कुठेतरी विजेची गळती आहे. ती शोधायला लावा.

यातला धोका वेगळाच. पेटी नवी आली तरी भिंतीतली वायर जुनीच राहते. गीझर लावला की एमसीबी पडते म्हणून वायरमन 16 अँपिअरच्या जागी 32 ची लावून देतो. पडणं थांबतं, पण अडीच चौरस मिलिमीटरची वायर आतल्या आत तापत राहते. एमसीबी वायरच्या जाडीवर ठरते, आपल्या सोयीवर नाही.

डीबी हलवायची तर प्रत्येक जुनी वायर नव्या जागेपर्यंत वाढवावी लागते. मग जुन्या जागी जंक्शन बॉक्स येतो, त्यात दहा-बारा जोड येतात, आणि सैल जोडच आधी तापतो. वायर ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याशी पीळ मारून जोडणं तर नकोच. म्हणून माझं मत सरळ आहे: घराचं वायरिंग नव्याने होणार असेल तरच डीबी हलवा. चर मारायचेच आहेत, तर नव्या वायरी थेट नव्या जागी आणता येतात. नुसती दाराजवळ बरी दिसत नाही म्हणून हलवणं म्हणजे पैसे देऊन जोड विकत घेणं. अपवाद एकच: जुनी डीबी शेगडीच्या वर, न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर किंवा कपाटाच्या आत अडकलेली असेल तर ती तिथून काढलीच पाहिजे.

घरातली डीबी हलवणं हे परवानाधारक ठेकेदाराचं काम. मीटर हलवणं ही गोष्ट निराळी. मीटर आणि त्याचं सील वीज कंपनीचं, त्यामुळे महावितरण असो वा मुंबईतली बेस्ट, रीतसर अर्ज करूनच ते हलतं.

थ्री फेजचा निर्णय हिशेबाने घ्या. दोन किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर ओढतो, इंडक्शनही तेवढंच, दीड टनाचा एसी सात-आठ. दोन एसीसकट सगळं एकदम चालवलं तरी आकडा 34 अँपिअरच्या आसपास येतो, आणि तसं सहसा घडत नाही. अशा घराला वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून सिंगल फेजच पुरतो. इलेक्ट्रिक गाडीचा 7.4 किलोवॉटचा चार्जर मात्र एकटाच 32 अँपिअर घेतो. तो येणार असेल तर थ्री फेज घ्या. बिलातला स्थिर आकार जास्त भरावा लागेल. आणि न्यूट्रल (परतीची तार) तुटला तर टीव्ही-फ्रिजवर 230 च्या जागी 400 व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो, म्हणून जादा व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण डीबीत हवंच.

कोटेशनमध्ये नुसतं ‘डीबी बदलणे’ लिहिलेलं स्वीकारू नका. कुठल्या सर्किटला किती जाडीची वायर, किती अँपिअरची एमसीबी, हे ओळीने मागा. काम झालं की झाकणाच्या आत ‘गीझर’, ‘स्वयंपाकघर’ अशा चिठ्ठ्या चिकटवून घ्या. वायरमनच्या डोक्यातला नकाशा त्याच्याबरोबर निघून जातो.