पोकरचा २,९९९ चा कोर्स घेतला, ड्रॉवाला (हवं ते पान यायची वाट बघायचा) भाग जरा जपून बघा

आमचा शनिवारचा अड्डा राजारामपुरीत, सहा जण, पैसे नाहीत, प्रत्येकाला २०० चिप्स, ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी लावायच्या चिप्स) १-२, आणि शेवटी ज्याच्याकडं सगळ्यात कमी तो तांबड्या-पांढऱ्याचं बिल भरणार. सलग चार शनिवार मीच भरल्यावर हा व्हिडिओ कोर्स घेतला. नाव लिहीत नाही, कारण पीडीएफचा पासवर्ड चालेना म्हणून मेल केला तर '२४ तासात' म्हणणारं उत्तर सहा दिवसांनी आलं, उगाच वाद नको.

आधी चांगलं सांगतो. आउट्स (आपला डाव जमवणारी उरलेली पानं) मोजायचं लई सोपं करून सांगितलंय. कलर व्हायला एक पान कमी असेल तर ९ आउट्स, एक पान यायचं राहिलं असेल तर दुप्पट म्हणजे १८ टक्के (खरं १९.६), दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर चौपट. आणि चौपट कधी धरायचं, तर ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) झाल्यावर, कारण नाहीतर टर्नला (टेबलावर उघडणाऱ्या सगळ्यांच्या पानांतलं चौथं) परत पैसे मोजावे लागतात. मी वर्षभर प्रत्येक फ्लॉपला (पहिली तीन पानं उघडल्यावर) चौपट धरत होतो मर्दा!

गडबड आहे ती इम्प्लाइड ऑड्सच्या (पान लागल्यावर पुढं किती मिळतील या हिशोबाच्या) भागात. माझ्याकडं बदामची अठ्ठी-नव्वी, बोर्डावर (टेबलावरच्या उघड्या पानांत) बदामचा एक्का आणि चौकी, किलवरचा राजा, टर्नला इस्पिक सत्ती. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) ४०, आमच्या अड्ड्यातल्या दाजींनी ३० लावले. म्हणजे ३० घालून ७० मिळणार, पण कलर न येण्याचा हिशोब ३७ ला ९ (न दिसलेल्या ४६ पानांत ९ च कामाची), साधारण ४.१ ला १, त्यामुळं परवडायला १२३ तरी पाहिजेत. उरलेले ५३ रिव्हरला (शेवटच्या पाचव्या पानाला) दाजींकडून काढायचे. कोर्सवाला म्हणतो समोरच्याकडं १२० शिल्लक आहेत ना, मग कॉल करा (तेवढेच घाला), मिळतील. केला. रिव्हरला बदाम दुर्री पडली, मी ६० लावले, दाजींनी चष्मा वर करून बोर्ड बघितला, "तीन बदाम? मी घरी चाललो," आणि पत्ते टाकले. त्यांच्यासमोर असलेल्या चिप्स मोजून उपयोग काय, ते देणार आहेत का हे बघाय नको? पुढच्या डावात परत कलर लागला आणि यावेळी पैसे आले पण दुसऱ्या मित्राकडं बदामची राणी होती, म्हणजे त्याचा कलर मोठा, गेले सगळे. बारक्या कलरचा हा धोका कोर्समध्ये एका वाक्यात उरकलाय.

उलट हातात जोडी घेऊन फ्लॉपला तिसरं पान लागायची वाट बघायची, तीन पत्तीत ट्रेल म्हणतो तसं, हे साधारण साडेआठात एकदा होतं पण कुणाला दिसत नाही, म्हणून पैसे खरंच मिळतात. या भागाला जेमतेम चार मिनिटं! ऑनलाइन टेबलांचे शेवटचे धडे तर २०२५ च्या कायद्यानं पैशाचे गेम बंद झाल्यापासून नुसते पडून आहेत.

अडीच स्टार. ९९९ ला मिळाला तर घ्या. दाजींनी माझ्या फोनवर तेवढी चार मिनिटं दोनदा बघितली आणि गेल्या शनिवारी पंजीच्या जोडीवर माझेच १४० नेले, बिल परत मीच भरलं.