झोटेरो की ट्रॉपी: इतिहासाच्या विद्यार्थ्यानं आधी काय शिकावं?

झोटेरो संदर्भ सांभाळतं, ट्रॉपी दप्तरखान्यातल्या कागदांचे फोटो. दोन्ही संगणक-साधनं फुकट, मुक्तस्रोत, आणि दोन्हींचा उगम अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग केंद्रातला. झोटेरो २००६चं, ट्रॉपी २०१७चं.

झोटेरो छापील साहित्यासाठी. जेस्टोर या ऑनलाइन लेखसंग्रहावरचा लेख एका क्लिकमध्ये नोंदला जातो, वर्डमध्ये तळटीप पडते, आणि मार्गदर्शकांनी ऐनवेळी संदर्भ देण्याची शिकागोऐवजी एमएलए पद्धत मागितली (मागतातच!) तरी सगळं एकदम बदलतं. वर्गात गट करून सामायिक संदर्भसूची घडवायलाही हेच बरं.

ट्रॉपीची गरज दप्तरखान्यातून फोटो घेऊन आल्यावर कळते. मोबाइलमध्ये शेकडो पानं, पण कुठलं पान कुठल्या रुमालातलं, म्हणजे कागदांच्या गाठोड्यातलं? ट्रॉपीत एका पत्राची चार पानं एकाच नोंदीत बांधता येतात. रुमाल क्रमांक, तारीख, पत्रलेखक असे रकाने आपणच ठरवायचे. फोटोतला एखादाच तुकडा निवडून त्यासोबत मोडीचं लिप्यंतरही टंकता येतं. मोडी वाचून देण्याचं काम मात्र ते करत नाही. तिथं अभ्यासाला पर्याय नाही. पुढं हा संग्रह ओमेका एस या संकेतस्थळ-साधनावर पाठवून विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन प्रदर्शन मांडता येतं.

साठवणुकीत दोन्ही तोकडी. झोटेरो फुकटात ३०० एमबी ऑनलाइन जागा देतं, ती फोटोंना कुठली पुरणार? ट्रॉपीला स्वतःचं क्लाउडच नाही, म्हणून वेगळी हार्ड डिस्क हवी.

प्रबंध छापील ग्रंथांवर असेल तर झोटेरो पुरे. पुणे पुराभिलेखागारात बसणार असाल, तर ट्रॉपी जाण्याआधीच शिका आणि प्रत्येक रुमाल सोडण्याआधी त्याच्या क्रमांकाचा फोटो घ्या.