शाळकरी धावपटूंचे निकाल कुठे मांडायचे: ॲथलेटिक डॉट नेट, माइलस्प्लिट की आपलं स्वतःचं संकेतस्थळ?

न्यू जर्सीतल्या शाळांच्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्रीला (ट्रॅकबाहेर, मोकळ्या मैदानातल्या लांब शर्यतींना) आपल्या भागात प्रसिद्धी मिळवून द्यायची, असं एखाद्या बूस्टर क्लबाच्या, म्हणजे शाळेच्या संघाला मदत करणाऱ्या गटाच्या, पालकांनी ठरवलं की पहिला उत्साह संकेतस्थळ बनवण्याचा असतो. त्याआधी तयार सोयी पाहून घ्या.

ॲथलेटिक डॉट नेटवर निकाल प्रशिक्षक किंवा स्पर्धेचे आयोजक चढवतात आणि ते फुकट पाहता येतात. नववीपासून बारावीपर्यंतची मुलाची प्रत्येक वेळ एकाच पानावर साठत जाते. खोट एकच: माहिती भरणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून. आपल्या नावांचं तर विचारूच नका. आदित्यच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला कधी एक ‘ए’, कधी दोन. की झाली दोन पानं, आणि सर्वोत्तम वेळ भलत्याच पानावर. म्हणून प्रवेशिका भरताना संघाच्या यादीतलंच स्पेलिंग वापरा.

माइलस्प्लिट हे फ्लोस्पोर्ट्स या क्रीडा-प्रक्षेपण कंपनीच्या मालकीचं. प्रत्येक राज्याचं वेगळं पान, बातम्या, व्हिडिओ, क्रमवाऱ्या. देखणं काम आहे. पण त्यातला बराच मजकूर वर्गणीदारांपुरता असतो. पुण्यातल्या आजीला दुवा पाठवलात, तर तिला कुलूपच दिसण्याची शक्यता.

स्वतःच्या संकेतस्थळावर हेच निकाल पुन्हा टाइप करणं म्हणजे शनिवारची रात्र फुकट घालवणं. त्याचा खरा उपयोग संदर्भ सांगण्यात आहे, आणि क्रॉस कंट्रीत संदर्भाशिवाय वेळेला फारसा अर्थ नसतो. न्यू जर्सीतल्या होल्मडेल पार्कचा ५ किलोमीटरचा मार्ग चढउतारांचा. तिथली वेळ सपाट मैदानावरच्या ५ किलोमीटरशेजारी मांडली की चांगला धावपटू मागे दिसतो. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कात शालेय शर्यत बहुधा अडीच मैलांची, म्हणजे सुमारे ४.०२ किलोमीटर. ती वेळ ५ किलोमीटरच्या यादीत चुकून शिरली, तर मधल्या फळीतला मुलगा अख्ख्या काउंटीत पहिला! यादी मार्गागणिक वेगळी ठेवा. तुलना करायचीच असेल, तर एकाच दिवशी त्याच मार्गावर धावलेल्यांची करा.

सांघिक गुण स्वतः मोजणार असाल तर आणखी एक खड्डा आहे. संघातून ७ जण धावतात, पहिल्या ५ जणांचे क्रमांक बेरजेत धरतात. ६वा आणि ७वा मोजला जात नाही, पण समोरच्या संघाचे क्रमांक मागे ढकलतो. ज्या शाळेचे ५ जण पूर्ण होत नाहीत, तिचे धावपटू गुणांच्या क्रमांकातून आधी वगळावे लागतात. एकूण क्रमांकांची सरळ बेरीज केली, की निकालच उलटतो. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो, म्हणून सर्वोत्तम गुणसंख्या १५ (१+२+३+४+५). बरोबरी झाली, तर ६वा धावपटू पाहतात.

ट्रॅकवर गोंधळ घड्याळांचा. हाताने घेतलेली ११.१२ सेकंद ही वेळ वरच्या दशांशाला नेऊन ११.२ धरायची आणि स्वयंचलित वेळेशी तुलनेसाठी तीत ०.२४ मिळवायचे: ११.४४. कोणती वेळ हाताची, हे यादीत दिसलंच पाहिजे. १०० व २०० मीटर, लांब उडी आणि तिहेरी उडीत वाऱ्याचा वेगही लिहा. मागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असेल, तर ती कामगिरी विक्रमाला चालत नाही. १६०० मीटरला ‘मैल’ म्हणू नका: मैल ९.३४ मीटर जास्त, ४ मिनिटं २० सेकंदांत मैल धावणाऱ्याला सुमारे दीड सेकंद.

आमचं मत: निकाल ॲथलेटिक डॉट नेटवरच ठेवा, आपल्या पानावर फक्त दुवा द्या. पानावर गुरुवारी शर्यतीची ओळख आणि शनिवारी रात्री मार्ग-हवामानासह छोटा वृत्तान्त, एवढं पुरे. टायमिंगवाल्याकडे पीडीएफ मागू नका, मीट मॅनेजर या स्पर्धा चालवण्याच्या सॉफ्टवेअरमधली निकालाची फाइल मागा. पीडीएफमधून नक्कल करताना रकाने सरकतात. मुलांची जन्मतारीख कुठेच नको, फोटो पालकांच्या परवानगीनेच. आणि दर शनिवारी बसणारी किमान दोन माणसं नसतील, तर संकेतस्थळाच्या भानगडीत पडू नका. नाहीतर नोव्हेंबरात राज्य स्पर्धेच्या आठवड्यात सप्टेंबरचाच वृत्तान्त झळकत राहतो.