मुलांच्या फायली गोदामात ठेवणारी सेवा: पाचपैकी तीन, तेही अटींवर

कागद ठेवायला गोदाम देणाऱ्या कंपनीचं परीक्षण कोण वाचणार, असं वाटेल. पण इंग्लंडात चिल्ड्रन्स होममध्ये (म्हणजे बालगृहात), मुलांना दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवणाऱ्या फॉस्टरिंग एजन्सीत काम करणारी आपली बरीच मंडळी आता आहेत, आणि मॅनेजरच्या खुर्चीत बसलं की कधी ना कधी हा प्रश्न गळ्यात पडतोच: माळ्यावरच्या जुन्या फायलींचं करायचं काय? लेस्टरच्या आसपास आमची छोटी तीन होम्स आहेत. जागा तुटपुंजी, त्यामुळे जुनं रेकॉर्ड आम्ही बाहेरच्या एका कंपनीकडे ठेवतो. कंपनीचं नाव लिहिणार नाही. मुलांच्या फायली कुठल्या गोदामात आहेत हे चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. शिवाय करार करण्याआधी मी आणखी एक-दोघांचे दर मागवले होते, त्यांचे फॉर्मही जवळपास याच कंपनीसारखे होते, म्हणजे प्रश्न एकट्या हिचा नाही.

आधी चांगलं सांगते. माणसं वक्तशीर आहेत. व्हॅन ठरल्या दिवशी येते, ड्रायव्हर प्रत्येक खोक्याचा बारकोड आपल्यासमोर स्कॅन करतो आणि पावती हातात देतो. खोकं परत मागवलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दारात. गोदाम मी स्वतः पाहून आले; कोरडं आहे, जमिनीवर काही ठेवत नाहीत, आत जायला दोन दारं आणि दोन्हीकडे नोंद. खोक्यामागे महिन्याला ३५ पेन्स. इथवर तक्रारीला जागा नाही.

घोळ आहे तो त्यांच्या फॉर्ममध्ये. खोकं देताना एक चिठ्ठी भरायची असते: विभाग, मजकूर, आणि शेवटी 'डिस्ट्रॉय डेट'. संपूर्ण खोक्याला एकच तारीख. ती रिकामी सोडली तर संगणक आपणहून खोकं घेतल्या दिवसापासून सात वर्षं मोजतो. हे सात कुठून आलं ते उघड आहे: कंपन्यांना हिशेबाचे कागद सहा वर्षं ठेवायचे असतात, त्यात चालू वर्ष धरायचं. त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं वकील नाहीतर अकाउंटंट. त्यांना हे चालून जातं.

मुलांच्या फायलींचं घड्याळ असं चालतच नाही. ते फाईल बंद झाल्या दिवसापासून सुरू होत नाही, मुलाच्या जन्मतारखेपासून सुरू होतं. इंग्लंडात कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, ताब्यात असलेल्या मुलाची केस फाईल त्याच्या ७५व्या वाढदिवसापर्यंत ठेवायची, हे २०१०च्या केअर प्लॅनिंग नियमांत आहे. मूल १८च्या आत दगावलं तर मृत्यूपासून १५ वर्षं. चिल्ड्रन्स होममधल्या मुलाच्या फाईललाही २०१५च्या नियमांनी हीच मुदत दिली आहे. दत्तकाची फाईल असेल तर कोर्टाच्या आदेशापासून १०० वर्षं. फॉस्टर केअररची (अशा मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्याची) स्वतःची फाईल मात्र मान्यता संपल्यापासून किमान १० वर्षं, म्हणजे त्याच घरातल्या मुलाच्या आणि केअररच्या फायलींच्या मुदतीत पन्नासेक वर्षांचं अंतर पडू शकतं. स्कॉटलंडात गेलात तर मुलाच्या फाईलला जन्मापासून १०० वर्षं. आणि जी मुलं कधी ताब्यात घेतलीच नाहीत, नुसती घरी जाऊन मदत केली, त्यांच्यासाठी कायद्यात असा एक ठरलेला आकडा नाही. प्रत्येक कौन्सिलचं आपलं वेळापत्रक. ज्या कौन्सिलनं मूल पाठवलं तिचं वेळापत्रक आधी मागून घ्या. वाद नंतर घालत बसण्यापेक्षा बरं.

आता आमचं एक खोकं घ्या. २०१८ साली बंद केलेलं. आत दोन भावंडांच्या फायली: थोरली २००१ची, धाकटा २००६चा. थोरलीच्या फाईलची मुदत २०७६, धाकट्याच्या २०८१. त्यातच कुणीतरी त्या वर्षीची किराणा बिलं कोंबलेली. कंपनीच्या संगणकात या सगळ्याला मिळून एकच तारीख होती, २०२५. माझ्या आधीच्या मॅनेजरनं चिठ्ठीवर '२०८१' लिहिलं होतं, तिची कार्बन कॉपी आमच्याकडे आहे. संगणकात आकडा चढवणाऱ्यानं तो चुकीचा समजून रकाना रिकामा सोडला असावा, असं कंपनीतली बाई मला फोनवर म्हणाली. तिचंही खरं असेल. वकिलांच्या खोक्यांमध्ये २०८१ कोण पाहतो?

हे कळलं ते त्यांच्या वार्षिक ईमेलमुळे. 'खालील खोकी नष्ट करण्यास पात्र', आणि खाली बारकोडची यादी. बारकोड, बाकी काही नाही. कुणाची फाईल, कुठलं होम, काहीच नाही. त्यात वाक्य असं की तीस दिवसांत हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. सुट्टीच्या दिवसांत अशी ईमेल आली आणि नवीन माणसानं 'ठीक आहे' लिहून टाकलं, तर खेळ खलास. मी भांडून ते वाक्य आमच्या करारातून काढायला लावलं. आता आमच्याकडच्या दोघींच्या सह्या आल्याशिवाय एकही खोकं हलत नाही. तुम्ही करार करणार असाल तर हे वाक्य सगळ्यात आधी शोधा. सहसा ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतं.

एवढा जीव टाकायचं कारण काय, असं विचारणारे इथेही भेटतात. ग्रॅहम गॅस्किनचं बालपण लिव्हरपूल कौन्सिलच्या देखरेखीखाली गेलं. स्वतःबद्दल लिहिलेली फाईल पाहायला मिळावी म्हणून तो स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८९ साली खाजगी आयुष्याच्या हक्कावर निकाल त्याच्या बाजूनं लागला. आज अर्ज केला की महिन्याभरात माहिती द्यावी लागते, प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने मिळतात. फाईलच नसेल तर हक्क घेऊन करायचं काय? बाल लैंगिक अत्याचाराच्या सरकारी चौकशीनंही ऑक्टोबर २०२२च्या शेवटच्या अहवालात अशा प्रकरणांचे कागद ७५ वर्षं ठेवावेत असं सुचवलं.

आमच्याकडे तिशीतला एक माजी मुलगा आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्याला एकच विचारायचं होतं. त्या नाताळात आई भेटायला आली होती की नाही? त्याला आठवतं, आली होती. बहीण म्हणते, नाही आली. त्याच्या केस फाईलमध्ये भेटींचा तक्ता होता, पण तो डिसेंबर कोरा. नोंद सापडली ती होमच्या रात्रपाळीच्या वहीत, दोन मुलांच्या भांडणाची हकिकत आणि बॉयलरवाल्याचा निरोप यांच्या मधल्या दोन ओळींत. ही वही कुणा एका मुलाची नसते. होमच्या अशा नोंदवह्यांना नियमानं शेवटच्या नोंदीपासून किमान १५ वर्षंच आहेत, आणि या वहीची ती उलटून गेली होती. माळा कुणी साफ केला नव्हता म्हणून वही राहिली. तेव्हापासून रात्रपाळीच्या वह्या आम्ही त्यातल्या सर्वात लहान मुलाच्या मुदतीला बांधून ठेवतो. गरजेपेक्षा जास्त काळ माहिती साठवायची नाही असा इथला डेटा कायदा आहे, त्यामुळे कारण लेखी नोंदवलंय. ते न नोंदवता नुसतं 'असू दे, लागेल' म्हणून ठेवलंत तर तपासणीत उत्तर देता येणार नाही.

कंपनीची स्कॅनिंग सेवा घेऊ नका, निदान आहे तशी तरी. नमुना म्हणून एक फाईल दिली तर काळ्या-पांढऱ्यात, एकाच बाजूचं स्कॅन आलं. मुलांची चित्रं करडी दिसतात, आणि चित्रामागे सोशल वर्करनं पेन्सिलीनं लिहिलेली तारीख गायब. फॅक्सच्या चकचकीत कागदावरची अक्षरं तर मुळातच उडत चाललेली, त्या कागदाची आधी झेरॉक्स काढायला हवी. रंगीत, दोन्ही बाजू, ३०० डीपीआय असं सांगितल्यावर दर दुप्पट झाला, वर पिना काढायचे वेगळे पैसे. आम्ही पिना घरीच काढल्या. जुन्या फायलींतल्या गंजक्या पिना आणि वितळून चिकटलेले रबरबँड तसेही काढायलाच हवेत.

कागद नष्ट करण्याचं काम मात्र चोख. किराणा बिलांची खोकी आमच्यासमोर श्रेडरमध्ये गेली, प्रमाणपत्र आलं. त्यावर खोक्याचा नंबरच असतो, म्हणून कुणाचं काय, कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीनं गेलं, याचं रजिस्टर आम्ही आमचं ठेवतो. ते कधीच नष्ट करायचं नाही. महाराष्ट्रात सरकारी कचेरीत काम केलेल्यांना अ, ब, क, ड वर्ग आठवतील. हे रजिस्टर आमचं 'अ', कायम ठेवायचं.

भारतातल्या वाचकांसाठी एक. मी इथे येण्याआधी सोलापूरकडे एका बालगृहात होते, तिथे सगळं एका गोदरेजच्या कपाटात. आपल्याकडे बाल न्यायाच्या २०१६च्या आदर्श नियमांत विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या) मुलाच्या दोषसिद्धीचं रेकॉर्ड अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवून नष्ट करायचं असतं, सोळा वर्षांवरच्या मुलाच्या काही अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडून. म्हणजे तिथे वेळेत नष्ट होणं हाच मुलाचा हक्क. त्याच कपाटात काळजी-संरक्षणाखालच्या मुलाची फाईल असते, जी त्याला मोठेपणी लागेल. दोन्हींना एकच गठ्ठा, एकच तारीख लावणारा गोदामवाला सोलापुरात भेटला तरी त्याला मी हेच सांगेन.

पैशाचं बोलायचं तर २०१८ ते २०८१, ३५ पेन्स दरानं, एका खोक्याचे साधारण २६५ पाउंड होतात, दर वाढलेच नाहीत असं धरून. तेही परवडलं. बोचतो तो निघण्याचा आकार: कायमचं खोकं परत न्यायचं तर भाड्याच्या जवळपास दोन वर्षांइतके पैसे प्रत्येक खोक्यामागे. आमचं होम उद्या बंद पडलं तर कौन्सिलकडे फायली सोपवताना हे पैसे कोण भरणार, याला त्यांच्याकडे उत्तर नाही. फाईलनिहाय नोंद आणि प्रत्येक फाईलला जन्मतारखेवरून निघणारी वेगळी तारीख, एवढं त्यांनी जादा पैसे घेऊन मान्य केलंय आणि काम चोख चाललंय. निघण्याच्या आकाराचं अजून लेखी दिलेलं नाही. मार्चमध्ये कराराचं नूतनीकरण आहे. तोवर कागद आला नाही तर खोकी हलवणार, मग आकार भरावा लागला तरी.