नॉर्वे सहल : घाट दाखवला, घाट बांधणाऱ्याचे नावही घेतले नाही

जळगावच्या एका सहल कंपनीसोबत केलेल्या नॉर्वे सहलीत निवास आणि वेळापत्रक यांबाबत तक्रारीला जागा नव्हती. दुपारच्या डब्यातील दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तर थंडीत अधिकच रुचली. मात्र जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या गैरांगर घाटाविषयी मार्गदर्शकाने ‘फोटो काढून घ्या, लगेच निघायचे आहे’ याखेरीज अवाक्षर काढले नाही आणि बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे चांगलेच खटकले.

हा रस्ता १८८९ मध्ये पूर्ण झाला. त्या काळात नॉर्वेच्या रस्तेविभागाचे प्रमुख होते हान्स हागेरूप क्राग (१८२९–१९०७) : पेशाने लष्करी अधिकारी, विद्येने स्थापत्य अभियंता आणि १८७४ पासून १९०३ पर्यंत त्या एकाच पदावर. समुद्रकाठच्या गैरांगर गावातून निघालेला हा रस्ता सुमारे हजार मीटर चढून वरच्या तळ्यापर्यंत पोहोचतो, आणि घोडागाडीला झेपेल एवढाच चढ राहावा म्हणून त्याला वळणांमागून वळणे दिलेली आहेत. ‘क्नुतेन’ येथे तर जुना रस्ता गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून निघतो; कडेला कठड्याऐवजी ओळीने उभे केलेले दगड आहेत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या रस्त्याला सुवर्णपदक मिळाले. आमची बस तेथून न थांबता पुढे गेली.

ऑस्लोत होल्मेनकोलेनचा स्की-उड्डाणाचा उतार दाखवला, पण जवळच व्होक्सेनकोलेनवर असलेला क्राग यांचा पुतळा वगळला.

अर्थात, आपणही फार वेगळे नाही. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट रोज चढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की, हे नाव १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रम या लष्करी अधिकाऱ्याचे आहे? ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, तेव्हा घाटाची आठवण सर्वांना झाली, एवढेच.

केवळ फियॉर्ड (डोंगरकड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) आणि धबधबे पाहायचे असतील, तर ही सहल पैसे वसूल करणारी आहे. ज्यांना बांधकामात रस आहे, त्यांनी मात्र क्नुतेनचा थांबा आरक्षणापूर्वीच कार्यक्रमपत्रिकेत लेखी घालून घ्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.