पेंटाटॉनिक शिकताना: पाच बॉक्स की तिरकी वाट?

गिटारवर ए मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा पहिला बॉक्स, म्हणजे हात जागचा न हलवता बोटांखाली येणारा सुरांचा आकार, हाताला बसला की पुढे दोन रस्ते फुटतात. एक, उरलेले चार बॉक्स ओळीने पाठ करायचे. दोन, सहाव्या, सर्वांत जाड तारेपासून पहिल्या, सर्वांत बारीक तारेपर्यंत तिरकी चढत जाणारी वाट धरायची. सूर दोन्हींत तेच पाच: ए, सी, डी, ई, जी. फरक हात कसा फिरतो याचा आहे आणि लीड (सोलो) वाजवताना वाक्यं त्यावरच ठरतात.

बॉक्सची बाजू भक्कम आहे. कॉर्ड कायम हाताखाली असतो. पाचव्या फ्रेटवरच्या ए मायनर बार कॉर्डचे (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरलेल्या कॉर्डचे) सगळे सूर पहिल्या बॉक्सच्या आत आहेत, आणि बाराव्या फ्रेटवरचा, पाचव्या तारेवर रूट (कॉर्डचा मूळ सूर) असलेला कॉर्ड चौथ्या बॉक्समध्ये बसतो. बेंडसाठी, म्हणजे तार ओढून सूर चढवण्यासाठी, तर पहिल्या बॉक्ससारखी जागा नाही. तिसऱ्या तारेवर ७ व्या फ्रेटचा डी अनामिकेने, मागे मधलं बोट टेकवून, ई पर्यंत ओढायचा. तर्जनी मोकळीच असते, ती दुसऱ्या तारेच्या ५ व्या फ्रेटवर ठेवली की तिथेही ई मिळतो. बेंड सुरात पोहोचला की नाही हे तिथल्या तिथे कळतं. ब्लूज हेच ध्येय असेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

पण बॉक्सची एक गोष्ट मला फार खटकते आणि माझा निर्णय तिनेच केला. सी-डी-ई हे साधं तीन सुरांचं वाक्य घ्या. पहिल्या बॉक्समध्ये खालच्या सप्तकात ते सहाव्या तारेवर ८ आणि पाचव्या तारेवर ५, ७ असं येतं. एक सप्तक वर तेच तिसऱ्या तारेवर ५, ७ आणि दुसऱ्या तारेवर ५. त्याच्याही वर सी पहिल्या तारेच्या ८ व्या फ्रेटवर सापडतो, डी आणि ई बॉक्समध्ये उरतच नाहीत. म्हणजे कानाला एकच असलेलं वाक्य बोटांना दर वेळी नवं. दुसऱ्या बॉक्समध्ये गेलात की पुन्हा वेगळं. याला कारण तारांची जुळणी. शेजारच्या तारांमध्ये सा ते शुद्ध मध्यम एवढं अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत ते शुद्ध गंधाराएवढं आहे, आणि हा सांधा प्रत्येक बॉक्सच्या आत पडतो. मग हात वाक्य शिकण्याऐवजी आकार शिकतो, आणि सोलो म्हणजे जिना चढणं-उतरणं होऊन बसतं.

तिरक्या वाटेत तारांच्या तीन जोड्या करायच्या. सहावी तार ३, ५ आणि पाचवी ३, ५, ७. मग चौथी ५, ७ आणि तिसरी ५, ७, ९. मग दुसरी ८, १० आणि पहिली ८, १०, १२. आकार तिन्हीकडे हुबेहूब सारखा आणि सूर प्रत्येक जोडीत जी, ए, सी, डी, ई. तो अडचणीचा सांधा इथे दोन जोड्यांच्या मध्ये येतो, जोडीच्या आत कधीच नाही. म्हणून दुसरी जोडी दोन फ्रेट वर सरकते, तिसरी तीन. एका जोडीत बसवलेलं वाक्य तसंच्या तसं तीन सप्तकांत वाजतं. रूटही हरवत नाही: ए नेहमी जोडीतल्या जाड तारेवर, अनामिकेखाली.

बोटं दोनच लागतात. चढताना तीन सुरांच्या तारेवरचा शेवटचा सूर अनामिकेने स्लाइड करून, म्हणजे दाब न सोडता तारेवरून सरकवत, घ्यायचा. उतरताना अनामिका आणि तर्जनीने वरचे दोन सूर वाजवून तर्जनी खाली स्लाइड करायची. स्लाइडमध्ये दाब सुटला की सूर मधेच मरतो, जास्त दिला की गुंडाळलेल्या तारा किंचाळतात. खरी चूक मात्र तिसऱ्या तारेच्या ९ वरून दुसऱ्या तारेच्या ८ वर जाताना होते. ९ वर अनामिका असताना तर्जनी ७ च्या समोर असते, ती एक फ्रेट पुढे न्यावी लागते. एवढा तुकडाच ६० च्या मेट्रोनोमवर, ठोक्याला एक सूर, असा वेगळा घासा. पूर्ण वाट वरखाली पळवत बसलात तर हा सांधा कच्चाच राहील.

आपल्या कानांना आणखी एक सोय आहे. मागे तानपुरा सी वर लावून हीच वाट वाजवली तर भूपाचे सूर मिळतात, ए वर धानीचे, जी वर दुर्गाचे, ई वर मालकंसाचे. मूर्च्छनेचाच हिशोब, सूर तेच ठेवून सा बदलण्याचा. एवढ्याने राग उभा राहत नाही हे खरं, पण सा बदलला की तेच फ्रेट कसे वेगळे बोलतात ते ऐकू येतं. बॉक्समध्येही हे करता येतं, फक्त प्रत्येक सप्तकात सा नव्याने शोधावा लागतो.

अकुस्टिक गिटार असेल तर माझा कल अधिकच तिरक्या वाटेकडे. तिथे तिसरी तार बहुतेक वेळा गुंडाळलेली असते, बेंड जड जातो, स्लाइड सहज होते. शिवाय कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेली खाच) नसलेल्या गिटारवर चौथ्या बॉक्सचा १५ वा फ्रेट गाठताना तळहात बॉडीला अडतो.

अर्थात ही वाट प्रत्येक पट्टीत इतकी सरळ राहत नाही. ई मायनरसाठी सहाव्या तारेवर १० पासून सुरुवात केली तर शेवट १९ व्या फ्रेटवर होतो. तिथे पाचव्या तारेपासून निघा: पाचवी ५, ७, चौथी ५, ७, ९, तिसरी ७, ९, दुसरी ८, १०, १२, पहिली १०, १२. यात सांधा दुसऱ्या जोडीच्या आत शिरतो आणि आकार एका फ्रेटने मोडतो, तेवढं वेगळं लक्षात ठेवावं लागतं. बेंडसाठी पहिला बॉक्स जवळ ठेवा, तो ए मायनरच्या वाटेवर दुसऱ्या जोडीपाशी लागतोच. बाकीचे बॉक्स मी तरी नंतर, एखादा कॉर्ड त्या जागी धरायची गरज पडेल तेव्हाच घेईन.